यीस्टचे तेल आणि नत्राचा तोल



पीक आणि खत यांचा संबंध शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावा लागत नाही. यीस्ट या सूक्ष्म जीवाचा पाठ चालू असता आम्ही वर्गात सांगितले की, काही जातींची यीस्टे आपल्या पेशीत तेल साठवितात, आणि त्यांना नत्र कमी पडले म्हणजे हे तेल वाढते. तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, आमच्या शेतात नत्राचे खत कमी पडले तर पीक खुरटते. मग यीस्टला उपाशी ठेवून तेल जास्त कसे मिळेल?"

प्रश्न मार्मिक होता, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगे नव्हते. ते सावकाश द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

तेल साठविणारे यीस्ट

यीस्ट हा एकपेशीय जीव आहे. त्याची एक पेशी साधारणतः मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी असते. पाव फुगविणारे यीस्ट आपल्या परिचयाचे आहे. पण त्याच्या अंगी तेल फारसे नसते. ते पूर्ण वाळवून पाहिले तर सामान्यतः वजनाच्या एकदशांशाहूनही कमी भाग स्निग्ध द्रव्याचा निघतो. याउलट यीस्टच्या काही थोड्या जाती अशा आहेत की, त्यांच्या वाळलेल्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग तेलाचा असू शकतो. अशा जातींना शास्त्रज्ञ 'तैलसंचयी' म्हणतात. लायपोमायसीस स्टार्की, ऱ्होडोस्पोरिडियम टोरुलॉइडिस आणि यारोविया लायपोलिटिका ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नावे होत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशीत तेलाचे चकचकीत थेंब दिसतात. कधीकधी तर एकच मोठा थेंब जवळजवळ सारी पेशी व्यापून टाकतो. हे तेल बरेचसे आपल्या खाद्यतेलांसारखेच असते. त्यात ओलेइक, पामिटिक, लिनोलेइक इत्यादी वसाम्ले असतात आणि त्याची घडण पामतेलाशी पुष्कळ मिळतीजुळती असते.

गरजेतून निघालेली वाट

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ब्रिटनच्या आरमाराने जर्मनीची सागरी नाकेबंदी केली. बाहेरून येणारी तेले व चरबी बंद झाली आणि घरोघर स्निग्ध पदार्थांची तीव्र टंचाई भासू लागली. त्या वेळी बर्लिन येथील पाउल लिंडनर या शास्त्रज्ञाने एंडोमायसीस व्हर्नालिस या यीस्टसदृश जीवापासून चरबी मिळविण्याचा प्रयत्न केला. उथळ ताटांत साखरेचा द्रव पसरून त्यावर हा जीव वाढवीत. कारण त्याला हवा भरपूर लागे. पद्धत खर्चाची व जागा अडविणारी होती. शांततेच्या काळात शेतातील तेल पुन्हा मिळू लागले आणि ती मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात स्निग्ध पदार्थांची टंचाई पुन्हा भासली, तेव्हा युरोपात या विषयाकडे पुन्हा लक्ष गेले. पुढे १९४६ साली अमेरिकेतील रॉबर्ट स्टार्की यांनी मातीत राहणाऱ्या एका तैलसंचयी यीस्टचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये त्या यीस्टला लायपोमायसीस स्टार्की असे त्यांचेच नाव देण्यात आले.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. यीस्ट तेल साठविते हे कळणे सोपे होते. पण कोणत्या परिस्थितीत वाढविले असता ते परवडेल इतके तेल देईल, हा खरा अवघड प्रश्न होता, आणि आजही तोच आहे.

उपास नव्हे, बेगमी

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. यीस्टला नवी पेशी बांधावयाची झाली की दोन प्रकारचे साहित्य लागते. एक कर्ब, तो साखरेतून मिळतो. दुसरे नत्र, त्यावाचून प्रथिने होत नाहीत आणि प्रथिनांवाचून पेशी होत नाही. दोन्ही विपुल असली की यीस्ट झपाट्याने वाढते, एकाच्या दोन आणि दोहोंच्या चार पेशी होत जातात. साखर येते तशी नव्या पेशींच्या बांधणीत खर्चून जाते. साठवणीला फारसे काही उरत नाही.

समजा, अशा भरात नत्र संपले, पण साखर मात्र शिल्लक आहे. नवी पेशी आता बांधता येत नाही. साखर तर आत येतच आहे. तैलसंचयी यीस्ट अशा वेळी त्या साखरेचे तेल करून ठेवते. आपल्या घरी पावसाळ्यापूर्वी धान्याची व सरपणाची बेगमी करतात, तशीच ही बेगमी होय. म्हणजे यीस्टला आपण सर्वस्वी उपाशी ठेवीत नाही. एका ताटात भरपूर वाढतो आणि दुसरे ताट मात्र वेळ साधून काढून घेतो.

आत नेमके काय घडते, हेही पाहण्यासारखे आहे. नत्र संपताच पेशी आपल्याजवळील ॲडिनिलिक आम्ल मोडून त्यातील नत्र काढून घेऊ लागते. पेशीतील तंतुकणिका म्हणजे तिच्या भट्ट्याच. तेथे साखरेचे अवशेष जळून शक्ती मिळते. या ज्वलनाच्या साखळीतील एका विकराला काम करण्यास ॲडिनिलिक आम्लाची गरज असते. ते आम्ल कमी पडले की साखळी त्या ठिकाणी मंदावते आणि तिच्या अलीकडे सायट्रिक आम्ल तुंबते. लिंबाला आंबटपणा आणणारे द्रव्य ते हेच. तुंबलेले आम्ल तंतुकणिकेबाहेर येते. तैलसंचयी यीस्टांपाशी त्याचे तुकडे करणारे एक विकर असते, आणि त्या तुकड्यांपासूनच वसाम्ले बांधली जातात. पाव फुगविणाऱ्या यीस्टपाशी हे विकर नाही. म्हणून नत्र तोडले तरी त्याच्या अंगी तेवढे तेल धरत नाही.

ऊस लावणाऱ्या घरच्या मुलांना याचे नवल वाटू नये. बेळगाव जिल्ह्यातील शेतकऱ्याला ठाऊक असते की, उसाला आरंभी नत्र हवे. पण तोडणी जवळ आल्यावरही नत्र देत राहिले तर ऊस नुसता हिरवागार वाढतो आणि साखरेचा उतारा मात्र घटतो. वाढीचा काळ वेगळा आणि साठवणीचा काळ वेगळा. यीस्टच्या बाबतीतही हेच सूत्र आहे.

कर्ब आणि नत्र यांचा हिशेब

हा तोल अंदाजाने साधत नाही. तो मोजून साधावा लागतो. ग्लुकोज साखरेच्या वजनाचा ४० टक्के भाग कर्बाचा असतो. म्हणजे एक लिटर पाण्यात ७० ग्रॅम ग्लुकोज घातले तर त्यात २८ ग्रॅम कर्ब झाला. नत्रासाठी आपण अमोनियम सल्फेट घेऊ. शेतकरी खत म्हणून वापरतात तेच हे द्रव्य. त्याच्या वजनात सुमारे २१ टक्के नत्र असते.

आता कर्ब आणि नत्र यांचे वजनाने प्रमाण २० : १ ठेवावयाचे असेल तर १.४ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे ६.६ ग्रॅम अमोनियम सल्फेट लागेल. हेच प्रमाण ८० : १ करावयाचे तर ०.३५ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे १.६५ ग्रॅम अमोनियम सल्फेट पुरेल. पहिल्या द्रवात पेशी पुष्कळ होतील, दुसऱ्यात त्या कमी होतील. पण तेल दुसऱ्यातील पेशींत अधिक साठेल.

टक्केवारीचा चकवा

मग नत्र अगदी नावापुरतेच ठेवावे काय? येथेच नवशिका अभ्यासक फसतो. समजण्यासाठी तीन काचपात्रांचे आकडे कल्पू. पहिल्यात नत्र मुबलक आहे. लिटरमागे २० ग्रॅम वाळलेल्या पेशी मिळाल्या व त्यांत तेल १० टक्के निघाले. दुसऱ्यात नत्र बेताचे. पेशी १५ ग्रॅम, तेल ४० टक्के. तिसऱ्यात नत्र अत्यल्प. पेशी केवळ ६ ग्रॅम, पण तेल ५५ टक्के. टक्केवारी पाहणारा तिसऱ्या पात्राला शाबासकी देईल. पण गुणाकार करून पाहा. पहिल्यात तेल २ ग्रॅम, दुसऱ्यात ६ ग्रॅम आणि तिसऱ्यात ३.३ ग्रॅम. तिसऱ्या पात्रात घागर काठोकाठ भरली खरी, पण घागरच लहान!

म्हणून कुशल अभ्यासक काम दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात नत्र व साखर दोन्ही देऊन पेशींची संख्या वाढवितात. नत्र संपले की दुसऱ्या टप्प्यात केवळ साखर थोडीथोडी देत राहतात. ती एकदम देऊन भागत नाही. फार दाट पाकात सूक्ष्म जीव वाढू शकत नाहीत. आपला मुरंबा टिकतो तो याच कारणाने. चीनमधील डालियन येथील शास्त्रज्ञांनी ऱ्होडोस्पोरिडियम टोरुलॉइडिस हे यीस्ट १५ लिटरच्या पात्रात अशा रीतीने साखर पुरवीत १३४ तास वाढविले. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार लिटरमागे १०६.५ ग्रॅम वाळलेल्या पेशी मिळाल्या आणि त्यांत ६७.५ टक्के तेल होते. म्हणजे लिटरमागे सुमारे ७२ ग्रॅम तेल झाले.

हवा, उष्णता, आम्लता आणि वेळ

नत्राचा तोल साधला तरी काम संपत नाही. तैलसंचयी यीस्टला प्राणवायू भरपूर लागतो. म्हणूनच लिंडनरला उथळ ताटे घ्यावी लागली होती. आज बंद टाकीत पंख्याने द्रव घुसळतात आणि खालून गाळलेल्या हवेचे बुडबुडे सोडतात. हवा गाळावी लागते, कारण बाहेरील जंतू आत शिरले तर साखर त्यांच्याच कामी येते.

उष्णतामान बहुतेक जातींना २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास मानवते. उष्णतामान उतरले तर वाढ मंदावते. शिवाय तेलाची घडणही बदलते आणि थंडीत गोठणार नाही अशा पातळ वसाम्लांचे प्रमाण वाढते. द्रवाची आम्लताही सांभाळावी लागते. पुष्कळ जातींना तो सौम्य आम्ल असलेला चालतो. यारोविया या यीस्टचा एक विशेष असा की, नत्र तोडून साखर पुष्कळ दिली तर काही वेळा ते तेल न साठविता सायट्रिक आम्लच पेशीबाहेर टाकू लागते. मग आपली साखर खर्ची पडते, पण तिचे तेल होत नाही.

शेवटची बाब वेळेची. साखर संपल्यावरही यीस्ट तसेच टाकीत राहू दिले तर ते आपलीच बेगमी खाऊ लागते आणि साठलेले तेल घटते. पीक काढणीस आले असता शेतकरी जसा दिवस दवडीत नाही, तसेच येथेही करावे लागते.

एक एक बदलावे की एकत्र?

इतक्या गोष्टी सांभाळावयाच्या, तर सर्वोत्तम परिस्थिती शोधावी कशी? आम्ही शाळेत शिकवितो की, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा नियम नवशिक्यास उत्तम. पण त्याची मर्यादाही जाणून घ्यावी. पुन्हा कल्पित आकडे घेऊ. २५ अंशांवर कमी हवा दिली असता तेल ४ ग्रॅम मिळाले. हवा तशीच ठेवून उष्णतामान ३० अंश केले तर ३ ग्रॅम. "तर मग २५ अंशच बरे," असे म्हणून तेथे हवा वाढविली तर ५ ग्रॅम. आपण समाधान मानून वही मिटली. पण चौथा प्रयोग, म्हणजे ३० अंश आणि जास्त हवा, केला असता तर ७ ग्रॅम तेल मिळणार होते! तो आपण केलाच नाही.

असे का घडावे? पाणी तापले की त्यात हवा कमी विरघळते. हवेच्या सान्निध्यातील एक लिटर गोड्या पाण्यात २० अंशांवर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंशांवर तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. इकडे उष्णतेने यीस्टची भूक वाढते आणि तिकडे प्राणवायू घटतो. म्हणजे उष्णता व हवा या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एकीचा निकाल दुसरीवाचून लागत नाही.

अशा गुंतलेल्या घटकांचे प्रयोग एकत्र कसे आखावे, याचे शास्त्र इंग्लंडमध्ये रॉनल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांवरून उभारले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३५ साली निघाला. १९५१ मध्ये बॉक्स आणि विल्सन यांनी रासायनिक उद्योगांसाठी त्यात मोलाची भर घातली. यीस्टचे तेल वाढविण्याच्या कामी आज हीच रीत वापरतात. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, भारतीय शेतीच्या अभ्यासकांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचा प्रसिद्ध ग्रंथ १९५४ साली वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघा मराठी शास्त्रज्ञांनी लिहिला. त्यांतील पानसे यांनी इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर संशोधन केले होते.

साखर देऊन तेल घ्यावे काय?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. शास्त्रीय हिशेबाने १०० ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ३२ ग्रॅमच्या आसपास तेल होऊ शकते. कारण उरलेली साखर शक्तीसाठी जळते व कर्बाम्ल वायू होऊन निघून जाते. प्रत्यक्षात २० ते २२ ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे एक किलो तेलास सुमारे पाच किलो साखर हवी. शिवाय टाकी, हवा, वीज, पेशी वाळविणे व फोडणे हा खर्च निराळा. माणसाच्या ताटातील साखर काढून त्याच ताटात तेल वाढणे हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी टाकाऊ पदार्थांकडे वळली आहे: साखर कारखान्यातील मळी, चीज करताना उरणारे पाणी, धान्याचा पेंढा, उसाचे चिपाड. पण येथेही नवे पेच आहेत. मळीत साखरेबरोबर नत्रयुक्त द्रव्येही असतात; ती न मोजता वापरली तर सारा तोल बिघडतो. यारोवियाला उसाची साखर जशीच्या तशी पचतच नाही. ती आधी फोडून द्यावी लागते. पेंढ्यातून साखर काढताना यीस्टला बाधक अशी द्रव्येही तयार होतात.

या कारणांमुळे यीस्टचे तेल आज आपल्या फोडणीत आलेले नाही. जेथे तेल मौल्यवान आहे तेथे मात्र त्याने आपली उपयुक्तता दाखविली आहे. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी यारोवियाच्या आनुवंशिक घडणीत बदल करून माशांच्या तेलात आढळणारे, आरोग्यास हितकर असे एक वसाम्ल त्याच्याकडून करवून घेतले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात त्या यीस्टच्या वसाम्लांपैकी निम्म्याहून अधिक भाग या एकाच वसाम्लाचा होता.

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आज परदेशातून येते. एखाद्या वर्षी दर चढले की त्याची झळ प्रत्येक घरच्या स्वयंपाकाला लागते. यीस्ट ही अडचण उद्याच दूर करील, असे आम्ही म्हणणार नाही. पण मळी आणि चिपाड यांची आपल्या भागात वाण नाही, आणि तोल मोजून साधणारे अभ्यासकही आपल्या वर्गांतूनच निघावयाचे आहेत.

त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर थोडक्यात असे: बाळ, तुझे म्हणणे खरे आहे. नत्रावाचून पीक वाढत नाही, यीस्टही वाढत नाही. पण वाढणे निराळे आणि साठविणे निराळे. आधी वाढू द्यावे, मग योग्य क्षणी हात आखडता घ्यावा. आणि तो क्षण कोणता, हे मोजून ठरवावे. मोजण्याचा कंटाळा करणाऱ्याला यीस्ट तेल देत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. लिटरमागे ५० ग्रॅम ग्लुकोज घेऊन कर्ब व नत्र यांचे वजनाने प्रमाण ५० : १ ठेवावयाचे आहे. अमोनियम सल्फेट किती घ्यावे?

२. एका टाकीत ६० तासांत लिटरमागे ६ ग्रॅम तेल मिळते व १२० तासांत ८ ग्रॅम. दर तासाच्या हिशेबाने कोणती काढणी किफायतशीर? वर्षभर टाकी चालविणाऱ्याने कोणती निवडावी?

३. उष्णता, हवा व नत्र या तीन गोष्टींच्या प्रत्येकी दोन पातळ्या घेऊन सर्व जोड्या तपासावयाच्या तर एकूण किती प्रयोग होतील? त्यांचा तक्ता वहीत आखा.